विहीणबाईंचे पेरू

बेडसे
५ ऑगस्ट २०२४

सौ. रतनताईंना शालूबाईचा नमस्कार.

आमची आरती तुमच्या घरात सून म्हणून आली, त्यानंतरचं हे माझं पहिलंच पत्र. घरात फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. पण मला ऐकू कमी येतं म्हणून मी स्पीकर लावून बोलते, आणि मग दोन विहिणींचं बोलणं सत्यमपासून गोठ्यातल्या म्हशीपर्यंत सगळे ऐकत बसतात. त्यापेक्षा अंबाजीचा दुधाचा टेम्पो रोज कामशेतवरून लोणावळ्याला जातोच आहे. क्रेटमध्ये पेरूंवर चिठ्ठी ठेवली की पोचते.

तर सोबत आमच्या बागेतले पेरू. पहिल्या तोड्याची पाटी विहिणीकडं जाते, ही आमची रीत. पण तुमचं बाजारपेठेत फळांचं दुकान, नुसती पाटी तुमच्या कुठल्या कोपऱ्यात पुरणार? म्हणून दोन क्रेट पाठवलेत. एक घरी खा, एक दुकानात लावा.

ही बाग माझ्या सासऱ्यांनी, नथूआबांनी लावलेली. आता काठी टेकत चालतात, पण बागेतली फेरी चुकवत नाहीत. त्यांचा एक नेम आहे. झाडावरचं फळ माणसाचं आणि खाली पडलेलं भुईचं. पडलेला पेरू या घरात कुणी उचलत नाही. मी सून म्हणून आले तेव्हापासून हा नेम कधी मोडलेला बघितला नाही. पावसाळ्यात झाडांखाली पेरूंचा नुसता सडा पडलेला असतो.

पण आमच्या सत्यमच्या डोक्यात गुलाब शिरलाय. सगळ्या मावळात पॉलीहाऊस झाली, मग आपलंच का नाही, असं त्याचं चाललंय. परवा म्हणतो, "आये, ह्या पेरूला आता कामशेतात बी कुनी इचारत न्हाई. समदी झाडं काढतो आन् गुलाब लावतो."  झाडं गेली तर आबा खाटेवरून उठायचे नाहीत. आणि माझंही सांगते. नवी नवरी होते तेव्हा रडायला एक जागा लागायची, ती मला त्या झाडांखालीच मिळाली. हसायलाही तिथंच शिकले.

पेरू कसे लागले ते कळवा. आपल्यात आडपडदा नको.

तुमची
शालू


लोणावळा
८ ऑगस्ट २०२४

शालूताई, नमस्कार.

पेरू पोचले. काय तो रंग आणि काय तो वास! क्रेट उघडला तर रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. आदिनाथने तिथेच एक उचलून चावा घेतला आणि मग बराच वेळ तो काही बोललाच नाही. सासुरवाडीच्या आठवणीने गहिवरला असेल. आरतीने दुसरा कापला आणि ती तर तोंडाला पदर लावून आतच निघून गेली. माहेरचं फळ ते, होणारच असं.

मी मात्र पेरू कापून, उजेडात नीट बघूनच खाते. लहानपणापासूनची सवय आहे. तुमच्याकडेही कापून, बघूनच खात असाल, नाही का?

ताई, तुम्ही एवढे पेरू पाठवलेत, पण आम्ही खाणारी माणसं किती! शिवाय पावसाळ्यात पेरूने खोकला होतो असंही म्हणतात. तेव्हा पुढच्या खेपेला त्रास घेऊ नका. अंबाजीच्या टेम्पोलाही उगाच ओझं. तुमची माया पोचली, त्यात सगळं आलं.

सत्यमवर फार रागावू नका. गुलाबही काही वाईट नसतात. लग्नसराईत बरे जातात.

आबांना माझा वाकून नमस्कार सांगा.

तुमची
रतन


बेडसे
१२ ऑगस्ट २०२४

रतनताईंना नमस्कार.

पत्र वाचून ऊर भरून आला. जावईबापू आमच्या पेरूने गहिवरतात, हे मी शेजारच्या चार घरांत सांगून आले. असा जावई मिळायला भाग्य लागतं.

टेम्पोच्या ओझ्याचं काय घेऊन बसलात! अंबाजीला चांगलं दटावलंय. तुमचा भिडस्त स्वभाव मला कळत नाही की काय? तुम्ही नको म्हणालात म्हणून या खेपेला चार क्रेट पाठवलेत. आणि खोकल्याचं म्हणाल तर पेरू निखाऱ्यावर भाजायचा आणि मीठ लावून खायचा, खोकला पळून जातो.

आता मुद्द्याचं. तुमचं पत्र मी सत्यमला मोठ्याने वाचून दाखवलं. गुलाबाचं तेवढं गाळलं. ऐकून घेतलं त्याने मुकाट्याने. मग म्हणाला, "बरं, रतनमावशींच्या दुकानात खपत आसतील तर ऱ्हाऊ दे झाडं." ताई, तुम्हाला काय सांगू, मी देवापुढे साखर ठेवली. आता आमची बाग तुमच्या पत्रावर उभी आहे असं समजा. दर आठ दिवसांनी दोन ओळी लिहीत जा, म्हणजे त्याला वाचून दाखवता येतील.

फळमाशीचा थोडा त्रास होता, पण सत्यमने झाडाझाडाला सापळ्याच्या बाटल्या टांगल्यात. आत वासाची वडी असते. त्या वासाला माशा येतात आणि मरतात. बाटल्या भरभरून मेलेल्या माशा निघतायत, तेव्हा तिकडची काळजी नाही.

आरतीला म्हणावं, आईला एक फोन तरी कर. हल्ली फोन उचलते आणि लगेच म्हणते, दूध उतू चाललंय.

तुमची
शालू


लोणावळा
२३ ऑगस्ट २०२४

शालूताई,

आज मानपान बाजूला ठेवून लिहितेय. खाली बसून वाचा. आणि हे पत्र सत्यमला वाचून दाखवू नका.

तुमच्या पेरूंत अळ्या आहेत.

एखाद्या पेरूत नाही, चारातल्या तिनांत. आदिनाथ गहिवरला नव्हता हो. अर्धी अळी त्याच्या तोंडात होती आणि उरलेली अर्धी त्याला हातातल्या पेरूत दिसली होती. आरती आत पळाली ती हसू आणि रडू एकदमच आलं म्हणून. आईला यातलं काही सांगायचं नाही अशी शपथ मीच तिला घातली. तिच्याकडे उतू जाणारं दूध वगैरे काही नसतं.

विहिणीकडून आलेल्या फळाला नाव ठेवू नये, हे आईने मला लग्नात सांगितलेलं. म्हणून मी आडून आडून लिहिलं. कापून खा म्हटलं, खोकल्याचं काढलं, टेम्पोवर ढकललं, गुलाबाचीसुद्धा बाजू घेतली. पण तुम्ही अशा बाई की नको म्हटलं की दुप्पट पाठवता! आणि मग बाग माझ्या पत्रावर उभी आहे असं लिहिलंत. त्या दिवसापासून मला घास गोड लागला नाही.

आता गप्प बसले तर दुकान जाईल म्हणून लिहितेय. पेरू ठेवावेत कुठे म्हणून मी ते दुकानामागे टाकत गेले. आता त्यांतून निघालेल्या फळमाशा पपईवर आणि चिकूवर बसायला लागल्यात. केळ्यांवर घोंघावतात ती चिलटं वेगळी, त्यांना कुणी भीत नाही. ही पिवळसर, कमरेत बारीक, घरातल्या माशीएवढी. फळ झाडावर असतानाच टाचणी टोचावी तशी टोचते आणि आत अंडी घालते. वरून फळ देखणंच राहतं. माझ्या नजरचुकीने तुमचे थोडे पेरू विकलेही गेले. वळवणजवळच्या बंगल्यातल्या एक बाई दर शनिवारी माझ्याकडून फळं नेतात. काल त्या कापलेल्या पेरूची ताटली घेऊन दुकानात आल्या. पाहुण्यांसमोर ठेवलेली ताटली होती.  ताटली फक्त माझ्यापुढे धरली, आणि तिच्यात अळी चालत होती.

रागवा, शिव्या द्या, पण आता पेरू पाठवू नका.

रतन


बेडसे
२६ ऑगस्ट २०२४

रतनबाई,

ताई म्हणायचं आज जिवावर आलंय.

पहिल्या पत्रात गोडवे गायलेत आणि आता अळ्या? माशी आमच्याच बागेतली कशावरून? लोणावळ्याला शनिवार-रविवारी माणसं काय काय टाकून जातात ते काय मला माहीत नाही? नावं मात्र आमच्या पेरूला. आणि माझी पोटची पोर! तिला फोन केला तर म्हणते, "आई, एकीकडे तू आणि एकीकडे सासूबाई, मी कुणाची बाजू घेऊ? म्हणून मी फोन ठेवून बटाटे सोलत बसायचे." घरात एवढे बटाटे कुणी खाल्ले तेही कळवा.

आज सत्यमने विचारलं, "रतनमावशींचं काय पत्र?" मी म्हटलं, "पेरू पुरत न्हाईत म्हणतात." तोंडातून निघून गेलं. आता खोटं बोलणाऱ्या आपण दोघी झालो.

तो पुन्हा गुलाबाकडे वळला तर मी काय करू, ते सांगा. माझ्यापाशी दुसरं बोलायला काही नाही. आबांना तर हे सांगायची माझी छातीच नाही.

हिंमत असेल तर येऊन बघा माझी बाग. रविवारी या. जेवायलाच या. श्रावण आहे, नाहीतर कोंबडी केली असती. पुरणपोळी करते. आदिनाथरावांनाही आणा, पण माझ्याकडे बघून गहिवरू नका म्हणावं.

शालूबाई


लोणावळा
३ सप्टेंबर २०२४

शालूताई,

भांडायला बोलावलंत आणि ताटात एवढं वाढलंत की भांडायला तोंड रिकामं राहिलंच नाही. पुरणपोळीवर तुपाची धार धरता धरता तुम्ही माझ्याकडे रागाने बघत होता, ते मात्र मी घरी येऊन सगळ्यांना करून दाखवलं. आरती हसून हसून लोळली.

आता एक गोष्ट सांगायची आहे. तुम्ही आत पोळ्या लाटत होता तेव्हा मी पदर डोक्यावर घेऊन आबांबरोबर बागेत गेले होते. बाग सुंदर आहे हो. एकेक झाड लेकरासारखं वाढवलेलं दिसतं. पण झाडांखाली पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे पडलेले, पिकलेले, फुटलेले पेरू. आबा केवढ्या अभिमानाने दाखवत होते! मी एक उचलायला वाकले तर त्यांनी काठी आडवी धरली.

"उचलू नगा, रतनबाई. भुईचं हाय त्ये."

"उचलत नाही, आबा. इथेच भुईवर फोडून दाखवते, चालेल?"

यावर त्यांना नाही म्हणता येईना. मी खाली बसले आणि पेरू तिथल्या तिथे फोडला. आत अळ्या वळवळत होत्या. त्यातल्या एकीने अंगाचा वेढा केला आणि टुण्णकन उडी मारली. मग दुसरीने. मातीत पडल्या आणि बघता बघता आत शिरल्या. आबा काठीच्या आधाराने हळूहळू खाली बसले आणि माझ्याहून जवळून बघायला लागले.

"आयला, ही तर उड्या मारतीया!"

कृषी खात्यातला एक माणूस आमच्याकडे केळी घ्यायला येतो. त्याच्याकडून मी जे विचारून ठेवलं होतं ते आबांना सांगितलं. पडलेल्या फळातली अळी अशीच जमिनीत जाते, तिथे तिचा कोष होतो, आणि थोड्या दिवसांनी माशी होऊन ती त्याच झाडावर चढते. सापळ्याच्या बाटलीत जातात ते सगळे नर. वास आला की सुटले. माद्यांना त्या वासाचं काही पडलेलं नसतं, त्या आपलं पेरूंत अंडी घालायचं काम करत राहतात. म्हणून बाटल्याही भरतात आणि पेरूही किडतात.

आबांनी अळ्या शिरल्या ती माती काठीने उकरून बघितली. मग म्हणाले, "म्हंजी मी भुईला ताट वाढतूया, आन् जेवतंय भलतंच कुनीतरी."

एवढ्या वर्षांचा नेम, ताई. त्यांचा चेहरा बघून मला पेरू फोडल्याचा पश्चात्ताप झाला. उठताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "आज कुनाला सांगू नगा. मला इचार करू द्या." म्हणून जेवताना मी गप्प होते. पण ते 'आज' म्हणाले होते. तो रविवार होता आणि आज मंगळवार आहे, तेव्हा मी शब्द मोडलेला नाही.

त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

रतन


बेडसे
१० सप्टेंबर २०२४

रतनताई,

पुन्हा ताई म्हणतेय, लक्षात घ्या.

तुम्ही गेल्यापासून आबा बागेत गेलेच नाहीत. ओट्यावर बसून राहायचे. चहा दिला तर गार करायचे. तुमचं पत्र आलं तेव्हा कुठे मला त्याचं कारण कळलं. मी ते सत्यमपासून लपवून डाळीच्या डब्यात ठेवलं आणि गप्प बसले. म्हटलं, गणपती बसू देत, मग बघू.

गणपती बसले त्या दिवशी सगळे जेवायला बसलो होतो. आबांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "सत्या, आपल्या पेरूंत आळ्या हायती."

माझ्या हातातला डाव आमटीत पडला. आता हा पोरगा उठतो आणि झाडं काढणाऱ्याला फोन लावतो, असंच मला वाटलं. पण सत्यम शांतपणे भात कालवत म्हणाला, "मला ठावं हाय, आबा. क्रेट मीच भरतो नव्हं. पावसाळा लागल्यापासून बघतोय."

मी म्हटलं, "अरे मग रतनताईंचं पत्र वाचलं तेव्हा मुकाट्याने कसं ऐकून घेतलंस?"

तर माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आबा, आय त्ये पत्र वाचत हुती तवा तिचं त्वांड बघितलं का तुमी? मंग काय बोलायचं मानसानं?"

ताई, मला वाटत होतं माझा मुलगा दगड आहे. मी पंगतीतून उठून पाणी आणायला म्हणून आत गेले आणि पाणी न घेताच परत आले.

मग आबा म्हणाले, "भुईचं भुईलाच द्याचं. पर ताट वर मांडून ठिवलं म्हनून माशी जेवली. आता पोटातच घालू." दुसऱ्या दिवशी सकाळी काठी ठेवून कुदळ घेऊन निघाले. बागेच्या कडेला चार घाव घातले आणि दम लागला. सत्यमने कुदळ हातातून घेतली आणि कमरेइतका खड्डा केला. आम्ही पाट्या घेऊन खाली पडलेला सगळा पेरू वेचला. आबांनी पहिल्या पाटीला हळदकुंकू लावलं आणि स्वतःच्या हाताने ती खड्ड्यात ओतली. वर माती लोटून घट्ट चोपली. आता रोज सकाळी हेच काम. झाडांखालची माती कुळवून कोंबड्या सोडल्यात. मातीतले कोष वेचून वेचून खातात. श्रावणात वाचल्या त्याचं ऋण फेडतायत.

सत्यमचं मन मात्र वळलेलं नाही. तो एवढंच म्हणाला, "हिवाळ्याचा बहार बघतो. पॉलीहाऊसवाला जानेवारीत मोजणीला येतोय. तवर एक जरी आळी निघाली, तर गुलाब." एक जरी, म्हणाला. 

तुमची
शालू


लोणावळा
१६ ऑक्टोबर २०२४

शालूताई,

सोबत रिकामे क्रेट पाठवतेय असं अंबाजी म्हणेल, पण ते रिकामे नाहीत. परदेशी सफरचंदं येतात ना, त्यांच्यावर फोमच्या जाळ्या असतात. आजवर आम्ही फेकून देत होतो. महिनाभर सगळ्या बाजारपेठेतून गोळा केल्यात. शेजारचे दुकानदार म्हणाले, रतनबाईंना वेड लागलं, सफरचंदं सोडून त्यांचे कपडे गोळा करतायत. पेरू लिंबाएवढा झाला की त्याला जाळी घाला आणि वरून पिशवी बांधा. जाळीमुळे पिशवी अंगाला चिकटत नाही आणि माशीला टोचायला फळ सापडत नाही. बाटल्या काढू नका हं, त्याही राहू देत. नर कमी झाले तर कुणाचं काही बिघडत नाही.

मीही दुकानामागची घाण काढली. खराब फळ आता जाड पिशवीत बांधून उन्हात ठेवते. पपई सुधारली. त्या बंगल्यातल्या बाई मात्र पुन्हा आल्या नाहीत.

आरती एक दिवस बेडशाला येतेय, पिशव्या बांधायला. तिला बटाटे सोलायला लावू नका, आम्हीही आता लावत नाही.

तुमची
रतन


बेडसे
२९ डिसेंबर २०२४, सकाळी

रतनताई,

पेरू पाठवतेय. पिशव्या काल सोडल्या. अंगावर डाग नाही, टोचलेलं दिसत नाही. पण मागच्या खेपेलाही ते देखणेच होते, म्हणून माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही. घरी एकही कापायला माझा हात धजला नाही. आबा म्हणाले, "कापायचं त्ये दुकानात कापा." ते अजून रोज सकाळी वेचायला जातात. वाकायला त्रास होतो, पण दुसऱ्याला पाटी देत नाहीत.

या खेपेला क्रेट अंबाजीबरोबर नाहीत, सत्यम स्वतः पिकअप घेऊन येतोय. का, ते सांगत नाही.  बहुतेक त्याला स्वतःच्या डोळ्यांनी अळी बघायची असेल.

ताई, या वेळी माझा मान ठेवू नका. जे निघेल ते लिहा. मी उंबऱ्यात बसून आहे.

शालू


लोणावळा
२९ डिसेंबर २०२४, दुपारी

शालूताई,

वर्षअखेरीचा रविवार, बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. तुमचा सत्यम क्रेट उतरवत होता आणि मी अजून सुरी शोधत होते, तेवढ्यात समोर कोण यावं? वळवणच्या बंगल्यातल्या त्याच बाई. बरोबर घरचे सगळे. पेरू बघून थांबल्या आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "हे तेच का, अळ्यावाले?"

आजूबाजूची सगळी गिऱ्हाइकं वळली. मी हात जोडायच्या बेतात होते. तर सत्यम पुढे झाला. केळ्यांआड पडलेली सुरी उचलली आणि म्हणाला, "ताई, तुमच्या हातानं निवडा. कुठला बी."

त्या बाईही वस्ताद. अख्खा क्रेट उचकून त्यांनी सगळ्यात वेडावाकडा पेरू काढला. ताई, मी देवाचं नाव घेतलं आणि डोळे मिटले. सुरी फळीवर आपटल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर पांढराशुभ्र गर. त्या बाईंनी चष्मा लावला, फोड उलटी केली, सुलटी केली. म्हणाल्या, "अजून एक." सत्यमने दुसरा कापला. मग तिसरा एका कॉलेजच्या मुलीने निवडला, चौथा तिच्या मैत्रिणीने. तोवर गर्दी जमली होती. आरती मीठ-तिखट घेऊन आली, कापलेल्या फोडी लोक उभ्या उभ्या खायला लागले, आणि तुमचा मुलगा अर्धा क्रेट कापत सुटला. मी म्हणतेय, अरे पुरे, विकायला ठेव काहीतरी! पण तो ऐकेना.

एकही अळी निघाली नाही. एकही नाही, ताई. मानासाठी लिहीत नाहीये.

बंगल्यातल्या बाईंनी विचारलं, "कुठली बाग?" तर सत्यम म्हणाला, "बेडश्याची. आमच्या आबांची हाय."

गर्दी ओसरल्यावर मी त्याला चहा दिला आणि सरळच विचारलं, "मग आता गुलाबाचं काय? जानेवारीत माणूस येतोय ना मोजायला?"

म्हणाला, "त्याला कालच न्हाई म्हनून सांगितलं, मावशी."

"काल? अरे, पेरू तर आज कापलेस. अळी निघाली असती तर?"

त्याने कप गल्ल्यावर ठेवला. मग म्हणाला, "निघाली आसती तर निघाली आसती. आबा रोज सकाळच्यानं पाटी घिऊन वाकत्यात. गुलाब लावला तर त्यांनी काय येचायचं?"

मी गल्ल्यामागे जाऊन डोळे पुसले. एका गिऱ्हाइकाला वाटलं मला तिखट लागलं, त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

"आयला सांगू नगा, मी सांगतो," असं मला बजावलंय त्याने. पण मला माहीत आहे, घरी येऊन तो एक अक्षर बोलणार नाही. मुलगे असले काही सांगत नाहीत. म्हणून हे पत्र त्याच्याच हाती, रिकाम्या क्रेटमध्ये घालून पाठवतेय. तुम्ही वाचून संपवाल तेव्हा तो ओट्यावर बसून चपला काढत असेल. त्याला काही विचारू नका. चहा ठेवा आणि त्यात जरा आलं घाला, गर्दीत ओरडून ओरडून त्याचा घसा बसलाय.

तुमची
रतन